वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (२३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर – ८ एप्रिल १९५३, सिद्धपूर, गुजरात) हे महाराष्ट्रातील एक अग्रगण्य उद्योजक होते. रेल्वेची कंत्राटे, जहाज वाहतूक, साखर, विमानबांधणी, जहाजबांधणी आणि मोटारनिर्मिती या क्षेत्रांत त्यांनी काम केले. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन, हिंदुस्थान एअरक्राफ्ट आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपन्यांच्या स्थापनेत त्यांचा प्रमुख वाटा होता. यांतील जहाज वाहतुकीचा इतिहास बराच लिहिला गेला आहे. सर्वसामान्य मराठी माणसाच्या रोजच्या अनुभवात मात्र त्यांचे जे काम सर्वाधिक काळ राहिले, ते म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी लहान फियाट मोटार. तिचे बहुतेक आयुष्य वालचंदांच्या मृत्यूनंतरचे असले, तरी ती कोणत्या परिस्थितीतून आली हे त्यांच्या चरित्राशिवाय कळत नाही. म्हणून या लेखात मोटारीच्या प्रकरणाला अधिक जागा दिली आहे.

जन्म आणि शिक्षण

वालचंदांचा जन्म सोलापूर येथे दिगंबर जैन पंथाच्या गुजराती कुटुंबात झाला. कुटुंब मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. व्यापारानिमित्त ते सोलापुरात स्थायिक झाले होते. वडील हिराचंद नेमचंद यांची कापसाची आणि सावकारीची पेढी होती. वालचंदांच्या जन्मानंतर लवकरच त्यांच्या आईचे निधन झाले. सोलापुरातून मॅट्रिक झाल्यावर त्यांनी मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय आणि पुण्याचे डेक्कन महाविद्यालय येथे शिक्षण घेतले, परंतु पदवी न घेताच ते घरच्या व्यवसायात परतले. गुलाबचंद, रतनचंद आणि लालचंद हे त्यांचे सावत्र बंधू पुढे त्यांच्या उद्योगांत सहभागी झाले.

पेढीवरच्या व्यापारात त्यांचे मन रमले नाही. एका जागी बसून भावाच्या चढउतारावर नफा मिळवण्यापेक्षा काहीतरी उभे करण्याकडे त्यांचा ओढा होता, असे त्यांच्या पुढील सर्व निवडींवरून दिसते.

रेल्वेची कंत्राटे

१९०३ च्या सुमारास लक्ष्मणराव बळवंत फाटक यांची आणि वालचंदांची भागीदारी जमली. फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते. त्यांच्याकडे कामाची माहिती होती, तर वालचंदांकडे भांडवल उभे करण्याची पत. बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद मार्गावरील येडशीच्या बाजूचे काम हे या भागीदारीचे पहिले महत्त्वाचे कंत्राट होय. हाच मार्ग १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचला आणि मराठवाड्याचा तो भाग कुर्डुवाडीमार्गे मुंबईच्या बाजारपेठेला जोडला गेला.

पहिल्या महायुद्धानंतर ही भागीदारी टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत सामील झाली. मुंबई–पुणे लोहमार्गावरील बोरघाटातील बोगदे हे या कंपनीचे नावाजलेले काम. घाट चढताना गाडी उलट दिशेला वळवण्याचे जुने स्थानक १९२९ मध्ये कायमचे बंद झाले, ते या नव्या बोगद्यांमुळे. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा जलवाहिनीचे कामही वालचंदांनी केले. १९२६ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी हा याच कामाचा पुढचा टप्पा होय.

कंत्राटदारीच्या या वर्षांत एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली असणार. मोठी कामे भारतीय माणसे करू शकत होती, परंतु यंत्रे, वाहने आणि जहाजे बाहेरून येत होती व त्यांचा नफाही बाहेर जात होता.

जहाज वाहतूक

१९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्यासह वालचंदांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी सुरू केली. ग्वाल्हेरच्या महाराजांनी युद्धकाळात रुग्णालयासाठी दिलेले लॉयल्टी हे जहाज त्यांनी विकत घेतले. हे जहाज मूळचे कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे एम्प्रेस ऑफ इंडिया. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघाले. हा दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. जहाज जुने होते आणि व्यवहार आतबट्ट्याचा ठरला. चारच वर्षांत ते मोडीत काढावे लागले.

ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून सिंदियाला जेरीस आणण्याचा प्रयत्न केला. १९२३ मध्ये लॉर्ड इंचकेप यांच्या गटाशी दहा वर्षांचा करार झाला आणि सिंदियाला किनारी वाहतुकीपुरते मर्यादित राहावे लागले. कंपनी तगली, पण तिच्या जहाजांच्या एकूण क्षमतेवरही मर्यादा आली. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचे विधेयक साराभाई नेमचंद हाजी यांनी १९२८ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडले. त्याला वालचंदांचा सक्रिय पाठिंबा होता. ते संमत झाले नाही. १९२९ ते १९५० या काळात वालचंद सिंदियाचे अध्यक्ष होते. या अनुभवातून त्यांची एक पक्की धारणा बनली: सरकारचे संरक्षण नसेल, तर नवा भारतीय उद्योग परदेशी कंपन्यांच्या दरयुद्धात टिकणार नाही. मोटारीच्या बाबतीत त्यांनी हीच मागणी पुढे रेटली.

मोटारीचा ध्यास

त्या काळी भारतात मोटारी येत होत्या, बनत नव्हत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला होता आणि फोर्डही पाठोपाठ आली. पेट्यांतून आलेले सुटे भाग येथे जोडले जात. जुळणी आणि निर्मिती यांतील हा फरक पुढच्या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे. जुळणी करणाऱ्याला इंजिन ओतण्याची भट्टी लागत नाही, दातेचक्रे कापण्याची यंत्रे लागत नाहीत आणि ती चालवणारे कारागीरही तयार होत नाहीत.

भारतात संपूर्ण मोटार बनवण्याची पहिली गंभीर योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आणि मुंबई इलाख्यात अनेक वर्षे नोकरी केलेले विश्वेश्वरय्या म्हैसूरची दिवाणगिरी सोडल्यानंतर औद्योगिकीकरणाच्या प्रचाराला लागले होते. १९३० च्या दशकाच्या मध्यास, वयाची सत्तरी उलटल्यावर, त्यांनी युरोप–अमेरिकेतील मोटार कारखाने पाहिले आणि मुंबईत कारखाना काढण्याचा आराखडा तयार केला. त्यांच्या योजनेला ज्या उद्योजकांनी साथ दिली, त्यांत वालचंद सर्वांत चिवट ठरले.

१९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या नेतृत्वाखाली मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि योजनेला अनुकूल वातावरण मिळाले. कारखान्याच्या भांडवलावर काही काळ किमान व्याजाची हमी देण्यास प्रांतिक सरकार तयार झाले. जकातीचे संरक्षण आणि लष्कराची मागणी या दोन गोष्टी मात्र केंद्र सरकारच्या हाती होत्या. ते सरकार ब्रिटिशांचे होते.

१९३९ मध्ये वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी झाली, पण भारतातील हक्क फोर्डच्या कॅनडातील शाखेकडे असल्याने तेथे जमले नाही. क्रायस्लर कंपनीने तांत्रिक साहाय्याची तयारी दाखवली. दरम्यान युद्ध सुरू झाले होते. वालचंद परतीच्या वाटेवर असतानाच्याच काळात, नोव्हेंबर १९३९ मध्ये, प्रांतिक काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि मुंबई सरकारच्या हमीचा आधार गेला.

त्यानंतर म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने कारखाना काढण्याचा विचार झाला. संस्थानाची इच्छा होती. भारत सरकारने मात्र मोटारनिर्मिती युद्धप्रयत्नास आवश्यक नाही, अशी भूमिका घेऊन यंत्रसामग्रीची आयात आणि परकीय चलन यांसाठी सवलत नाकारली. ज्या युद्धात सैन्याला हजारो ट्रक लागत होते, त्या युद्धात ट्रकचा कारखाना अनावश्यक ठरवला गेला. सरकारची अडचण जहाजांतील जागेची आणि डॉलरची होती, असे त्याच्या बाजूने म्हणता येईल. तरीही युद्धानंतर ब्रिटिश कारखान्यांना स्पर्धक नको, हा हेतू त्या नकारामागे असल्याची समजूत भारतीय उद्योजकांत दृढ झाली आणि पुढील धोरणांवर तिची छाया पडली.

विमाने आणि जहाजबांधणी

अमेरिकेच्या त्याच दौऱ्यातून परतताना, पॅसिफिक महासागरावरील विमानप्रवासात, चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवणारे विल्यम पॉली यांची व वालचंदांची गाठ पडली. मोटारीच्या कारखान्यास नकार देणारे सरकार जपानच्या धास्तीने विमानांच्या कारखान्यास तयार झाले. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी जागा आणि वीज यांची सोय करून दिली. १९४१ मध्ये पहिले हार्लो प्रशिक्षण विमान तयार झाले. पुढच्याच वर्षी जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत येताच भारत सरकारने कंपनीचा ताबा घेतला आणि वालचंदांचा संबंध संपला. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही याच कंपनीचे पुढचे रूप आहे.

जहाजबांधणीचा कारखाना विशाखापट्टणमला निघाला. २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसाद यांनी त्याची पायाभरणी केली. तेथे बांधलेले जलउषा हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. १९५२ मध्ये या गोदीचीही बहुतांश मालकी सरकारकडे गेली. वालचंदांनी सुरू केलेल्या तीन मोठ्या निर्मिती उद्योगांपैकी दोन असे राष्ट्राच्या मालकीचे झाले. खासगी राहिला तो मोटारींचा.

साखर उद्योगातील त्यांचे काम त्या मानाने सुरळीत झाले. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि पुणे जिल्ह्यात इंदापूरजवळील कळंब येथे त्यांनी माळरानावर ऊस आणि कारखाने उभे केले. कळंबच्या वसाहतीला वालचंदनगर हे नाव मिळाले. रावळगावच्या गोळ्यांनी ते नाव खेडोपाडीच्या किराणा दुकानांत पोहोचवले.

कुर्ल्याचा कारखाना

प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड ही कंपनी १९४४ मध्ये स्थापन झाली आणि तिच्यासाठी मुंबईजवळ कुर्ला येथील जागा निवडण्यात आली. तोवर बिर्ला समूहाने १९४२ मध्ये हिंदुस्थान मोटर्स स्थापन केली होती. विश्वेश्वरय्यांच्या आराखड्यापासून मोजले, तर दशकभराचा काळ परवानग्यांच्या मागे गेला होता.

क्रायस्लरच्या साहाय्याने कुर्ल्यात डॉज, प्लायमथ आणि डिसोटो या मोटारी व फार्गो, डॉज हे ट्रक तयार होऊ लागले. या मोटारी ऐसपैस होत्या आणि त्यांची सहा सिलिंडरांची इंजिने दमदार होती. परंतु पेट्रोल भरपूर पिणारी ही वाहने मूठभर श्रीमंतांनाच परवडत. डॉक्टर, वकील, लहान कारखानदार किंवा टॅक्सीमालक यांच्या खिशाला झेपेल अशी मोटार हवी होती.

ती इटलीतून आली. १९५० च्या सुमारास प्रीमियरने तुरीन येथील फियाट कंपनीशी करार केला आणि १९५१ पासून कुर्ल्यात फियाट ५०० तयार होऊ लागली. दांते जाकोसा या अभियंत्याने आखलेली ही चिमुकली मोटार इटलीत १९३६ मध्ये आली होती. ५६९ घनसेंटिमीटरचे इंजिन, पुढे दोन आसने आणि मागे सामानापुरती जागा. ती स्वस्त असली तरी केवळ गरिबांचे वाहन म्हणून तिच्याकडे कोणी पाहिले नाही. हलके वजन आणि चपळ वळणे यांमुळे इटली–फ्रान्समधील हौशी कारागिरांनी तिच्या सांगाड्यावर आणि यंत्रभागांवर शर्यतीच्या लहान गाड्या बांधल्या. जाकोसानेच आखणीत साहाय्य केलेली चिसितालिया ही एक आसनी शर्यतीची मोटार फियाटच्या ११०० मालिकेच्या इंजिनावर धावत असे. थोड्या पैशांत शर्यतीची मौज देणाऱ्या गाड्यांचा जो संप्रदाय युद्धोत्तर युरोपात वाढला, त्याच्या इटालियन शाखेचा पाया असा फियाटच्या साध्या, रोजच्या मोटारींवर होता. हाच वारसा पुढे भारतातही दिसला.

अखेरची वर्षे

१९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी व्यवसायातून निवृत्ती घेतली. त्यांच्या पत्नी कस्तुरबाई यांनी आजारपणात त्यांची शुश्रूषा केली. उद्योगांची धुरा बंधू गुलाबचंद आणि लालचंद यांच्याकडे गेली. ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

मोटार उद्योगाला जे संरक्षण त्यांनी मागितले होते, ते नेमके त्याच वर्षी मिळाले. टॅरिफ कमिशनने १९५३ मध्ये मोटार उद्योगाविषयी अहवाल दिला आणि देशात निर्मितीचा कार्यक्रम नसलेल्या, केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना यापुढे वाव नाही, असे धोरण सरकारने स्वीकारले. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी भारतातील जुळणी गुंडाळली. बाजारात प्रीमियर, हिंदुस्थान मोटर्स आणि मद्रासची स्टँडर्ड असे थोडेच मोटार उत्पादक राहिले.

फियाटची बदलती रूपे आणि तिचे चाहते

१९५४ मध्ये प्रीमियरने फियाट ११०० बाजारात आणली. ती वालचंदांना पाहता आली नाही. इटलीत आदल्या वर्षीच आलेली ही मोटार स्वतंत्र सांगाड्याऐवजी एकसंध पोलादी कायेची होती. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टिअरिंगला लागून असलेला गिअरचा दांडा आणि चार दरवाजे. पुढचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेले, म्हणजे आजच्या उलट उघडणारे होते. इटलीत तिचीच जलद आवृत्ती शर्यतींत आपल्या वर्गात चमकत होती. गोल पाठीच्या या फियाटला मुंबई–पुण्याकडे डुक्कर फियाट हे नाव पडले. नाव वरवर हेटाळणीचे वाटले, तरी ते घेणाऱ्यांच्या बोलण्यात माया असे. आज जुन्या मोटारींच्या शौकिनांत हीच आवृत्ती विशेष मागणीची आहे.

त्यानंतर फियाटचे रूप थोडे थोडे बदलत गेले. एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावे आली. मागील बाजूला पंखासारख्या कडा आल्या. पुढची जाळी बदलली. १९६४ मध्ये आलेल्या डिलाइटने गोलाई सोडून सरळ रेषांची कूस धरली. कालांतराने पुढचे दरवाजेही आजच्या पद्धतीने उघडू लागले. प्रत्येक बदलानंतर चाहत्यांत दोन तट पडत. नवे रूप अधिक नेटके, दरवाजे अधिक सुरक्षित आणि आत जागा अधिक, असे एकाचे म्हणणे. जुन्या गाडीचा पत्रा जाड होता आणि तिच्या गोलाईत जी ऐट होती ती गेली, असे दुसऱ्याचे. एका मुद्द्यावर दोन्ही तटांचे एकमत असे: इंजिन तेच राहिले पाहिजे. हे लहान इंजिन आनंदाने उंच फेऱ्या घेई आणि साध्या हत्यारांनी उघडता–जोडता येई. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेली अँबॅसिडर मोठी व भारदस्त होती, सरकारी कचेऱ्या आणि मोठी कुटुंबे तिच्याकडे वळली. स्वतः गाडी चालवण्याची हौस असलेल्यांनी बहुधा फियाट निवडली. फियाटवाले आणि अँबॅसिडरवाले यांचा हा वाद घरोघरी तीन दशके तरी चालला.

शर्यतींच्या मैदानावर या हौसेला खरे रूप मिळाले. मद्रासजवळ शोलावरम येथील महायुद्धकालीन धावपट्टीवर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब शर्यती भरवत असे. परदेशी शर्यतीच्या गाड्यांवरील जबर आयात करामुळे तेथे फियाट हीच अनेकांची शर्यतीची मोटार झाली. बंपर आणि मागची आसने काढून टाकायची, इंजिनाचे डोके घासून दाब वाढवायचा, एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर बसवायचे, निलंबन खाली आणायचे, असे उद्योग मुंबई, पुणे, मद्रास, कोइमतूर येथील लहान गॅरेजांत चालत. फियाटची इंजिने घातलेल्या एक आसनी गाड्याही देशी कारागिरांनी बनवल्या. भारतात स्वस्त स्पोर्ट्स मोटार कारखान्यातून विकत मिळत नव्हती. ती अशी घरी घडवावी लागे. चिसितालियाच्या इटालियन कारागिरांनी जे केले, तेच येथे अधिक तुटपुंज्या साधनांनी झाले.

१९७० च्या दशकात फियाटचा परवाना संपल्यावर हीच मोटार काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. नाव चितोडच्या राणी पद्मिनीवरून घेतले होते. लोकांनी ते कागदोपत्री मान्य केले आणि बोलताना फियाटच म्हणत राहिले. तोपर्यंत बहुतेक सर्व भाग देशात बनत होते; या अर्थाने वालचंदांचा हेतू साध्य झाला होता. इटलीत मात्र ११०० मालिकेचे उत्पादन १९६० च्या दशकाच्या अखेरीस थांबले होते. संरक्षित बाजारात परवान्यांनी बांधलेले उत्पादन आणि वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी असल्यामुळे नव्या आखणीची निकड कंपनीला भासली नाही. नोंदणी करून गाडीची वाट पाहणाऱ्या ग्राहकापुढे तक्रार करण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता. वालचंदांनी ज्या संरक्षणासाठी आयुष्य वेचले, त्याची ही दुसरी बाजू लपवण्याचे कारण नाही. कोवळ्या रोपाला घातलेले कुंपण झाड झाल्यावरही तसेच राहिले.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि परिस्थिती पालटली. १९८५ मध्ये प्रीमियरने ११८ एनई ही नवी मोटार काढली. तिची काया फियाट १२४ ची, म्हणजे १९६६ च्या आखणीची. इंजिन मात्र निस्सान कंपनीचे, ११७१ घनसेंटिमीटरचे. या मिश्रणाचे स्वागतही मिश्रच झाले. गुळगुळीत चालणारे जपानी इंजिन, जमिनीवरील गिअर आणि ऐसपैस जागा यांचे चाहत्यांनी कौतुक केले. शर्यतवाल्यांनाही ते इंजिन आवडले. मात्र पेटीसारखी काया नव्या पिढीला जुनाट वाटली, तर जुन्या फियाटप्रेमींना तिच्यात फियाटचा आवाज सापडेना. पद्मिनीलाही शेवटच्या काळात जमिनीवरील गिअर आणि सुटी आसने मिळाली. ज्यांना स्टिअरिंगजवळच्या दांड्याने गिअर बदलण्याची सवय आणि अभिमान होता, त्यांना हा बदल उशिरा आलेला आणि अनावश्यक वाटला.

पद्मिनीचे उत्पादन २००१ मध्ये थांबले. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या–पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती त्यानंतरही दिसत राहिली. लहान वळणात फिरणारी, गल्लीतल्या मिस्त्रीकडे दुरुस्त होणारी आणि टपावर कॅरियर बांधून बोचकी वाहणारी ही मोटार टॅक्सीचालकांना सोयीची होती. ताडदेव येथे २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी, वीस वर्षांची मुदत संपल्याने, ३० ऑक्टोबर २०२३ पासून सेवेतून बाद झाली. निदान एक तरी टॅक्सी संग्रहालयात जपावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने तेव्हा केली. वर्षानुवर्षे प्रवाशांनी जिच्या खडखडाटाबद्दल कुरकुर केली, तिच्या निरोपाच्या वेळी लोक छायाचित्रे काढण्यासाठी थांबत होते.

मूल्यमापन

वालचंद हे दूरदृष्टीचे उद्योजक मानले जातात. त्यांचे चरित्र गं. दे. खानोलकर यांनी लिहिले असून त्याचा इंग्रजी अनुवादही झाला आहे. टीकाकारांनी त्यांच्यावर एकाच वेळी अनेक उद्योगांत हात घातल्याचा आणि सरकारी आधारावर फार विसंबल्याचा आक्षेप घेतला. पहिला आक्षेप पुष्कळसा खरा आहे. भांडवल जमवण्याआधी योजना जाहीर करण्याची त्यांची रीत सावध सहकाऱ्यांना धास्तावत असे. दुसऱ्या आक्षेपाबाबत त्यांच्या काळाची परिस्थिती पाहावी लागते. परकीय सरकार स्वदेशी कंपन्यांना वाऱ्यावर सोडून ब्रिटिश कंपन्यांना अनुकूल राहत असताना, सरकारचा आधार मागणे हाच त्यांच्या राजकारणाचा भाग होता. १९३२–३३ मध्ये ते भारतीय व्यापारी व उद्योजकांच्या महासंघाचे अध्यक्ष होते आणि तेथेही त्यांनी हीच बाजू मांडली.

स्मारके

सांगली येथे धोंडूमामा साठे यांनी १९४७ मध्ये सुरू केलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ मध्ये वालचंदांचे नाव देण्यात आले. सोलापुरातही त्यांच्या नावाची तंत्रशिक्षण संस्था आहे. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधील एक रस्ता वालचंद हिराचंद मार्ग म्हणून ओळखला जातो. भारतीय टपाल खात्याने २००४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. कुर्ल्यातील मोटार कारखान्याच्या जागेवर आता निवासी व व्यापारी संकुल उभे आहे. जवळच्या रस्त्याचे प्रीमियर हे नाव अजून वापरात आहे.